कीर्ती आणि तिची किंमत : प्राचीन ग्रीक महाकाव्याचा परिचय

१

युरोपीय साहित्याचा इतिहास ज्या दोन काव्यांपासून सुरू होतो, ती ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही काव्ये वीरांच्या पराक्रमाची गाथा म्हणून ओळखली जातात आणि ही ओळख खोटी नाही. शस्त्रे, रथ, द्वंद्वयुद्धे, नगराचा वेढा आणि समुद्रावरची साहसे हाच त्यांचा वर्ण्यविषय आहे. मात्र ही काव्ये सलग वाचत गेल्यावर त्यांच्या रचनेतली अधिक खोल गोष्ट हळूहळू उलगडते. पराक्रमातून मिळणारी कीर्ती आणि त्या कीर्तीपायी माणसांना मोजावी लागणारी किंमत या दोन्हींचे वर्णन कवी सारख्याच आस्थेने करत जातो, आणि त्यांपैकी एकीने दुसरीवर मात करावी असे तो कोठेही होऊ देत नाही. ग्रीक महाकाव्याचा अडीच हजारांहून अधिक वर्षे टिकलेला प्रभाव या दुहेरी दृष्टीतून आला आहे, हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे. पुढच्या कवींनी होमरकडून वृत्त, उपमा आणि कथानकाची मांडणी घेतली हे खरे असले, तरी त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी त्याच्याकडून एक न सुटलेला प्रश्न घेतला आणि आपापल्या काळाच्या अनुभवातून त्याला उत्तर दिले. त्यामुळे व्हर्जिलपासून जेम्स जॉइसपर्यंतच्या लेखकांचे होमरशी असलेले नाते अनुकरणापेक्षा संवादाचे, आणि पुष्कळदा उघड वादाचे आहे.

येथे ‘महाकाव्य’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. संस्कृत काव्यशास्त्रात दंडीने महाकाव्याची जी लक्षणे सांगितली, ती सर्गबद्ध, नागर आणि अलंकारप्रचुर रचनांची आहेत. याउलट महाभारताला परंपरेने ‘इतिहास’ म्हटले आहे. मराठी समीक्षेने हा भेद ‘आर्ष महाकाव्य’ आणि ‘विदग्ध महाकाव्य’ अशा दोन संज्ञांनी सोयीस्करपणे मांडला. लोकपरंपरेत पिढ्यान्‌पिढ्या गायिल्या जाणाऱ्या कथांमधून जे आकाराला येते ते आर्ष, आणि एखादा विद्वान कवी पूर्वसूरींच्या कृती समोर ठेवून जाणीवपूर्वक जे लिहितो ते विदग्ध. या विभागणीनुसार ‘इलियड’ व ‘ओडिसी’ ही आर्ष महाकाव्ये ठरतात, तर इ. स. पू. तिसऱ्या शतकात अपोलोनियसने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाच्या सहवासात रचलेले ‘आर्गोनॉटिका’ हे चार सर्गांचे काव्य विदग्ध परंपरेत मोडते.

२

‘इलियड’मध्ये सुमारे १५,७०० आणि ‘ओडिसी’मध्ये सुमारे १२,१०० ओळी आहेत. दोन्ही काव्ये २४-२४ सर्गांत विभागलेली आहेत, मात्र ग्रीक वर्णमालेतील अक्षरांच्या संख्येवर बेतलेली ही विभागणी मूळ रचनेनंतरची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काव्यांचा रचनाकाळ साधारणपणे इ. स. पू. आठवे ते सातवे शतक धरला जातो. होमर नावाच्या कवीविषयी खात्रीलायक अशी चरित्रात्मक माहिती उपलब्ध नाही. खिऑस, स्मर्ना यांसारख्या अनेक स्थळांनी त्याच्या जन्मभूमीचा मान आपल्याकडे घेतला आणि परंपरेने त्याला अंध गायक मानले, परंतु दोन्ही काव्ये एकाच कवीची आहेत की नाहीत, याविषयी प्राचीन काळापासून मतभेद आहेत.

होमरच्या जोडीने हेसिअड या बिओशियातील कवीचे नाव घ्यावे लागते. त्याच्या ‘थिओगनी’ या काव्यात देवतांची उत्पत्ती व वंशावळ आहे, तर ‘वर्क्स अँड डेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काव्यात शेतीची कामे, ऋतू, न्याय आणि कष्टाचे महत्त्व यांविषयीचा उपदेश आहे. म्हणजे युद्धाच्या काव्याला जे वृत्त वापरले गेले, त्याच वृत्तात नांगरणी-पेरणीचे काव्यही रचले गेले. याखेरीज ग्रीकांनी ट्रॉय नगराविरुद्ध लढलेल्या युद्धाची उर्वरित कथा सांगणाऱ्या अनेक काव्यांची एक मालिका होती. युद्धाचे कारण, अकिलीसचा मृत्यू, लाकडी घोडा, नगराचा विध्वंस आणि वीरांचा परतीचा प्रवास हे त्या मालिकेचे विषय होते. ही काव्ये नष्ट झाली असून काही त्रोटक अंश आणि नंतरच्या काळातील सारांश एवढेच शिल्लक आहे. ‘इलियड’मध्ये ट्रॉय पडत नाही, अकिलीस मरत नाही आणि घोडाही येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे कवीने प्रचंड कथाभांडारातून किती थोडे निवडले आणि ती निवड किती विचारपूर्वक केली, याची कल्पना येते. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात होमरची थोरवी नेमकी येथेच पाहिली. संपूर्ण युद्धाचा वृत्तांत देण्याऐवजी होमरने एका कृतीभोवती कथानक बांधले, हे त्याचे निरीक्षण विंदा करंदीकरांनी केलेल्या काव्यशास्त्राच्या अनुवादामुळे मराठी अभ्यासकांच्या परिचयाचे आहे.

३

ही काव्ये डोळ्यांनी वाचण्यासाठी नव्हे, तर कानांनी ऐकण्यासाठी घडली. त्यांचे वृत्त ‘हेक्झामीटर’, म्हणजे सहा गणांच्या ओळीचे आहे. प्रत्येक गण एक गुरू आणि दोन लघू अक्षरांचा असतो किंवा लघूंच्या जागी आणखी एक गुरू येऊन दोन गुरूंचा होतो. शेवटचा गण मात्र नेहमी दोन अक्षरी असतो. अक्षरगणवृत्तांची सवय असलेल्या मराठी कानाला गुरू-लघूंचे हे तत्त्व नवे नाही, पण ग्रीक ओळीत गणाला दोन रूपे घेण्याची मुभा असल्यामुळे हजारो ओळींनंतरही लय एकसुरी होत नाही. काव्यात काही शब्दबंध सतत परत येतात. अकिलीस चपळ पायांचा असतो, पहाटेची बोटे गुलाबी असतात, आणि भोजनाचे, शस्त्रे चढवण्याचे किंवा यज्ञाचे वर्णन थोड्याफार फरकाने पुन्हा त्याच शब्दांत येते.

या पुनरावृत्तीचे रहस्य अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी याने उकलले. १९२८ साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधांत त्याने दाखवून दिले, की नामाला लागणारे विशेषण ओळीत उरलेल्या जागेनुसार ठरते, आणि विशेषणांची ही व्यवस्था इतकी काटेकोर आहे, की ती कोणा एका कवीची निर्मिती असणे शक्य नाही. ती अनेक पिढ्यांच्या गायकांनी मिळून घडवलेली असली पाहिजे. पुढे १९३३ ते १९३५ या काळात त्याने अल्बर्ट लॉर्ड या आपल्या शिष्याच्या साहाय्याने युगोस्लाव्हियातील लोकगायकांची गीते ध्वनिमुद्रित केली. त्यांपैकी अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने १२,००० ओळींहून मोठे, म्हणजे जवळजवळ ‘ओडिसी’एवढे गीत तोंडी सांगून लिहवून दिले, तेव्हा लेखनाच्या आधाराशिवाय एवढी प्रदीर्घ रचना शक्य आहे, याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. पॅरीच्या अकाली मृत्यूनंतर लॉर्डने १९६० साली आपल्या ग्रंथात ही उपपत्ती सविस्तर मांडली. गायक पाठ केलेले काव्य जसेच्या तसे म्हणत नसतो, तर परंपरेने हाती दिलेल्या शब्दबंधांच्या आणि प्रसंगांच्या साहाय्याने प्रत्येक वेळी ते नव्याने रचत असतो, हा त्या उपपत्तीचा गाभा आहे.

मौखिक परंपरेतून आलेल्या काव्याची संहिता निश्चित करणे हे काम अर्थातच कठीण असते. अलेक्झांड्रियातील झेनोडोटस आणि त्याच्यानंतर इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ॲरिस्टार्कस यांनी होमरच्या हस्तलिखितांची तुलना केली, आणि संशयास्पद वाटणाऱ्या अनेक ओळी काढून न टाकता त्यांच्यापुढे समासात खूण करण्याची पद्धत रूढ केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच जातीच्या अडचणींतून गेली. अभिजात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी युरोपात विकसित झालेली पाठचिकित्सेची पद्धत वि. सी. सुखटणकर यांनी स्वीकारली, पण महाभारताची परंपरा इतकी प्रवाही आहे, की तिचा प्रश्न स्वतंत्रच मानावा लागेल, हेही त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. वगळलेला मजकूर तळटीपांत व परिशिष्टांत जपण्यामागची सचोटी आणि अलेक्झांड्रियन पंडितांच्या समासातील खुणा यांमागची विद्यानिष्ठा एकाच कुळातली आहे.

४

‘इलियड’चा विषय ट्रॉयचे युद्ध हा नसून त्या युद्धाच्या दहाव्या वर्षी उद्भवलेला अकिलीसचा क्रोध हा आहे. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन हा अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस ही बंदी स्त्री हिरावून घेतो. वीराचा मान त्याला मिळालेल्या वाट्यावरून सर्वांसमक्ष मोजला जाणाऱ्या त्या समाजात ही घटना अकिलीसला असह्य होते, आणि तो युद्धातून अंग काढून घेतो. नवव्या सर्गात त्याची मनधरणी करण्यासाठी ओडिसियस, फीनिक्स आणि एजॅक्स येतात, तेव्हा त्याच्या तोंडून महाकाव्याच्या मूळ मूल्याविषयीच शंका व्यक्त होते. आपल्यापुढे दोन वाटा आहेत, असे तो सांगतो: येथे लढत राहिल्यास अल्पायुष्य आणि अक्षय कीर्ती, घरी परतल्यास कीर्तिहीन पण दीर्घ आयुष्य. गुरे आणि संपत्ती पुन्हा मिळवता येते, पण एकदा गेलेला प्राण कोणत्याही मोलाने परत येत नाही, हा त्याचा युक्तिवाद आहे. वीरकाव्याच्या सर्वश्रेष्ठ वीराने वीरवृत्तीच्या मोबदल्याविषयी असा प्रश्न विचारावा, ही या काव्याची असामान्य गोष्ट होय. त्या प्रश्नाला काव्य युक्तिवादाने उत्तर देत नाही. अकिलीसचे चिलखत घालून लढायला गेलेला त्याचा जिवलग पॅट्रोक्लस ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या हातून मारला जातो आणि अकिलीस रणात उतरतो, पण कीर्तीच्या ओढीने नव्हे, तर शोक आणि अपराधभाव त्याला तेथे खेचून नेतात.

काव्याची सहानुभूती ग्रीक पक्षापुरती मर्यादित नाही, हे त्याचे दुसरे मोठेपण. सहाव्या सर्गात हेक्टर युद्धातून क्षणभर नगरात येतो, तेव्हा त्याच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून त्याचे तान्हे मूल घाबरून दाईला बिलगते. हेक्टर आणि त्याची पत्नी अँड्रोमॅकी हसतात, तो शिरस्त्राण उतरवून जमिनीवर ठेवतो, आणि मुलाने बापाहून थोर योद्धा व्हावे अशी देवांकडे प्रार्थना करतो. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे ग्रीक श्रोत्यांना ठाऊक होते. नगर पडल्यावर त्याला तटावरून फेकून देण्यात आल्याची कथा प्रचलित होती. शत्रूच्या घरातील असा प्रसंग इतक्या जिव्हाळ्याने रंगवणारे काव्य केवळ विजेत्यांचे राहू शकत नाही. रणात पडणाऱ्या नगण्य योद्ध्यालाही कवी नाव देतो, त्याचे गाव, त्याचा बाप, त्याची वाट पाहणारी पत्नी यांचा दोन-चार ओळींत उल्लेख करतो, आणि मगच त्याला मरू देतो.

होमरच्या विस्तृत उपमा हेच कार्य वेगळ्या रीतीने करतात. ग्रीक राजा मेनेलाउसवर आलेला बाण अथीना देवी बाजूला सारते, ती झोपलेल्या बाळावरची माशी आईने हाकलावी तशी. बाण लागलेल्या तरुणाची मान झुकते, ती पावसाने आणि बियांच्या भाराने वाकलेल्या अफूच्या बोंडासारखी. या उपमांमधून घर, शेत, मेंढरे, विणकाम आणि ऋतू यांचे जग रणभूमीवर येते. अठराव्या सर्गात हिफेस्टस हा शिल्पकार देव अकिलीससाठी जी ढाल घडवतो, तिच्यावर वेढलेल्या नगराच्या जोडीला लग्नाच्या मिरवणुकीचे आणि न्यायसभेचे नगर आहे, नांगरणी, कापणी, द्राक्षमळा आणि नृत्य आहे. वीराच्या हातातल्या शस्त्रावर ते सारे जीवन कोरलेले आहे, ज्याला तो स्वतः मुकणार आहे.

देव या काव्यात सर्वत्र वावरतात, भांडतात, पक्ष घेतात, पण त्यांच्या अमरत्वामुळे त्यांच्या जीवनात गांभीर्य येत नाही. देवांचा राजा झ्यूस याला आपला मर्त्य पुत्र सार्पेडन वाचवावासा वाटतो, तरी मर्त्यांसाठी ठरलेल्या वाट्यापुढे त्यालाही नमावे लागते. ज्यांना मरायचे आहे त्यांच्याच निवडीला अर्थ असतो, हा विचार काव्य कोठेही उपदेशाच्या रूपाने मांडत नाही. तो देव आणि माणसे शेजारी-शेजारी ठेवून सुचवतो. आणि या विचाराची परिणती शेवटच्या सर्गात होते. हेक्टरच्या प्रेताची विटंबना करणाऱ्या अकिलीसच्या तंबूत रात्री हेक्टरचा म्हातारा पिता, ट्रॉयचा राजा प्रायम एकटा येतो, आपल्या अनेक पुत्रांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो, आणि तुझ्या स्वतःच्या पित्याची आठवण कर, असे विनवतो. दोघे मिळून रडतात. एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी तर कधी पॅट्रोक्लससाठी. अकिलीस प्रेत परत देतो, त्याला जेवू घालतो आणि अंत्यविधीसाठी युद्ध थांबवण्याचे वचन देतो. युद्ध संपत नाही, ट्रॉयचे भवितव्य बदलत नाही, तरी ‘इलियड’ विजयाने न संपता शत्रूच्या अंत्यसंस्काराने संपते, ही कवीची अखेरची आणि सर्वांत धाडसी निवड आहे.

५

‘ओडिसी’ हे ‘इलियड’चे उत्तरकाव्य आहे, आणि परंपरेतील पहिला प्रत्युत्तराचा स्वरही तेच लावते. ट्रॉयच्या युद्धाची दहा वर्षे आणि परतीच्या भ्रमंतीची दहा वर्षे अशा वीस वर्षांनी आपल्या इथाका बेटावर पोहोचणाऱ्या ओडिसियसची ही कथा आहे. येथे मूल्य बदलले आहे. कीर्तीच्या जागी घरी परतणे आले आहे, आणि बळाच्या जागी युक्ती, सहनशक्ती व वाणी आली आहे. अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकात जातो, तेव्हा भेटलेला अकिलीस त्याला सांगतो, की सर्व मृतांवर राज्य करण्यापेक्षा जिवंतपणी एखाद्या गरीब शेतकऱ्याकडे मजुरी केलेली बरी. ‘इलियड’मध्ये विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर जणू येथे त्याच वीराच्या तोंडून मिळते.

आठव्या सर्गातील एक प्रसंग या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. फीएशियनांच्या दरबारात डेमोडोकस नावाचा अंध गायक लाकडी घोड्याची आणि ट्रॉयच्या पाडावाची कथा गातो. ओडिसियस त्या विजयाचा मुख्य शिल्पकार असूनही ढसाढसा रडतो, आणि कवी त्याच्या रडण्याला उपमा देतो ती नगराच्या रक्षणासाठी लढून पडलेल्या पतीच्या देहावर कोसळणाऱ्या, पाठीवर भाल्यांचे टोचे खात गुलामगिरीत ओढल्या जाणाऱ्या स्त्रीची. विजेत्याच्या डोळ्यांतून जितांचे अश्रू वाहतात, आणि काव्य ऐकणे म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात प्रवेश करणे होय, हे कवी आपल्या काव्याच्या आतच दाखवून देतो.

‘ओडिसी’चा सामाजिक आधार म्हणजे अतिथिधर्म. परक्याला आधी जेवू घालावे आणि मग नाव विचारावे, निघताना भेट द्यावी, आणि पाहुण्यानेही यजमानाचे घर लुटू नये, असा हा दोन्ही बाजूंना बांधणारा नियम झ्यूसच्या संरक्षणाखाली होता. पाहुण्यांनाच खाऊन टाकणारा एकाक्ष पॉलिफीमस आणि ओडिसियसच्या घरी तळ देऊन त्याची संपत्ती उधळणारे, त्याची पत्नी पेनेलोपी हिच्याशी लग्न करू पाहणारे १०८ विवाहेच्छू हे दोघेही या नियमाचे उल्लंघन करतात, तर आलेल्या भिकाऱ्याला आपल्या वाट्यातले देणारा वराहपाल युमीअस तो पाळतो. पेनेलोपीची योग्यताही याच जगात सिद्ध होते. दिवसा विणलेले वस्त्र रात्री उसवून तिने विवाहेच्छूंना तीन वर्षे रोखून धरले, आणि पती परतल्यावर दोघांनाच ठाऊक असलेल्या पलंगाच्या रहस्याची परीक्षा घेऊन तिने त्यालाही आपल्या बुद्धीची प्रचिती दिली. या पुनर्मीलनाची किंमतही काव्य लपवत नाही. ओडिसियसचा एकही साथीदार घरी पोहोचत नाही, विवाहेच्छूंच्या कत्तलीने घराचे अंगण भरते, आणि त्यांच्याशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून बारा दासींना फाशी दिले जाते.

रचनेच्या दृष्टीने ‘ओडिसी’ अधिक गुंतागुंतीची आहे. कथा मधूनच सुरू होते, पहिले चार सर्ग पुत्र टेलेमॅकसचे आहेत, आणि समुद्रावरची प्रसिद्ध साहसे नवव्या ते बाराव्या सर्गांत नायक स्वतः पाहुणा म्हणून सांगतो. कथेच्या मध्यापासून आरंभ, पूर्ववृत्ताचे निवेदन, कथेतील कथा आणि उशिरा होणारी ओळख ही तंत्रे पुढे कादंबरीने आपलीशी केली.

६

ग्रीकांनी होमरला शिक्षणाचा पाया मानले. अथेन्समधील पॅनॅथिनिया उत्सवात ‘रॅप्सोड’ म्हणजे व्यावसायिक पाठक ही काव्ये क्रमाने सादर करत असत, आणि ईजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरील साहित्यिक मजकुरांत होमरच्या प्रती सर्वाधिक आहेत. परंतु आदराबरोबर वादही सुरू झाला. प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’मध्ये होमरवर प्रेम असल्याचे मान्य करूनही देवांची दुर्वर्तने आणि वीरांचे आक्रंदन नागरिकांना बिघडवते, असा आक्षेप घेतला. नाटककारांनी महाकाव्याच्या कथा रंगभूमीवर आणल्या आणि त्यांतील किमतीची बाजू पुढे ओढली. एस्किलसच्या इ. स. पू. ४५८ मधील ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत विजयी अगामेम्नॉन घरी परततो तो पत्नीच्या हातून मरण्यासाठी. युरिपिडीझचे ‘ट्रोजन विमेन’ हे नाटक इ. स. पू. ४१५ मध्ये सादर झाले, ते अथेन्सने मिलॉस बेटावरील पुरुषांना ठार मारून स्त्रिया-मुलांना गुलाम केल्यानंतर काही महिन्यांतच. त्यात जिंकलेल्या नगरातील स्त्रिया एकामागून एक आपले दुःख मांडतात, आणि हेक्टरच्या मुलाचे प्रेत ढालीवर ठेवून आणले जाते.

रोममध्ये हा संवाद दुसऱ्या भाषेत गेला. व्हर्जिलच्या ‘ईनीड’ या १२ सर्गांच्या काव्यात पहिले सहा सर्ग भ्रमंतीचे, म्हणून ‘ओडिसी’च्या वळणाचे, आणि नंतरचे सहा युद्धाचे, म्हणून ‘इलियड’च्या वळणाचे आहेत. ईनिअस हा पराभूत ट्रॉयचा वीर आहे, आणि त्याला स्वतःच्या कीर्तीऐवजी भावी रोमचे कर्तव्य वाहायचे आहे. त्यासाठी त्याला कार्थेजची राणी डायडो हिचे प्रेम सोडावे लागते आणि ती आत्महत्या करते. काव्याच्या शेवटी त्याचा जखमी शत्रू टर्नस पित्याची आठवण देऊन दयेची याचना करतो. हा प्रसंग प्रायमच्या याचनेशी जाणीवपूर्वक जोडलेला आहे, परंतु येथे ईनिअस क्षणभर थबकून क्रोधाने त्याला ठार करतो आणि काव्य तेथेच थांबते. साम्राज्याच्या स्थापनेचे काव्य दयेने संपू शकले नाही, हे व्हर्जिलचे होमरला दिलेले वेदनामय उत्तर आहे.

७

मध्ययुगीन पश्चिम युरोपात ग्रीक भाषेचे ज्ञान जवळजवळ लोपले होते, आणि ट्रॉयची कथा लॅटिन सारांशांतून व प्रणयकथांतून पोहोचत होती. दान्तेने होमरला कवींचा सम्राट मानले, तरी त्याने होमर मुळातून वाचला नव्हता. त्याचा ओडिसियस घरी न परतता ज्ञानाच्या हव्यासाने ज्ञात जगाच्या सीमेपलीकडे जाऊन बुडतो आणि नरकात कपटी सल्लागारांमध्ये जळत असतो. पेट्रार्कला १३५४ साली होमरचे ग्रीक हस्तलिखित मिळाले, पण ते त्याला वाचता येत नव्हते. छापील आवृत्ती १४८८ साली फ्लॉरेन्समध्ये निघाली, आणि त्यानंतर अनुवादांचा ओघ सुरू झाला. इंग्रजीतील जॉर्ज चॅपमन आणि अलेक्झांडर पोप यांचे पद्यानुवाद त्यांपैकी विशेष गाजले.

या प्रबोधनकालीन परंपरेचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइश १५५३ साली गोव्याला आला आणि पूर्वेकडील प्रदेशांत अनेक वर्षे राहिला. वास्को द गामाच्या सफरीवरचे त्याचे ‘ओस लुझियादास’ हे दहा सर्गांचे महाकाव्य १५७२ साली प्रसिद्ध झाले. प्राचीन ग्रीक आणि ट्रोजन वीरांच्या भ्रमंतीहून आपल्या देशबांधवांचा प्रवास श्रेष्ठ आहे, असा दावा तो आरंभीच करतो. वादळी भूशिराचे मूर्त रूप म्हणून त्याने कल्पिलेला अडामास्टर हा राक्षस पॉलिफीमसच्या वंशातला आहे. मात्र जहाजे सुटत असताना किनाऱ्यावरचा एक वृद्ध कीर्तीच्या लोभाला आणि सत्तेच्या हव्यासाला शाप देतो. साम्राज्याचा गौरव करणाऱ्या काव्यातही किमतीचा हा आवाज दाबला गेला नाही, यात होमरच्या परंपरेचे सातत्य दिसते. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १६६७ साली, मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये अकिलीसच्या क्रोधाहून आपला विषय अधिक वीरोचित असल्याचे जाहीर केले, आणि युद्धाऐवजी संयम व सोशिकपणा यांना वीरत्वाचे स्थान दिले.

८

भारताशी होमरचा संबंध प्राचीन लेखकांनीही जोडला आहे. पहिल्या शतकातील ग्रीक वक्ता डायो क्रिसोस्टम याने भारतीय लोक होमरचे काव्य आपल्या भाषेत गातात, असे लिहून ठेवले. त्याच्या कानावर महाभारताची वार्ता गेली असावी, असा तर्क अनेक विद्वानांनी केला आहे. आधुनिक काळात हा प्रभाव प्रत्यक्ष दिसतो तो मायकेल मधुसूदन दत्त यांच्या १८६१ मधील ‘मेघनादवध काव्य’ या बंगाली महाकाव्यात. रावणपुत्र मेघनादाकडे त्यांनी ज्या सहानुभूतीने पाहिले, तिच्यामागे हेक्टरचे चित्रण आहे. पुढे त्यांनी ‘इलियड’च्या आधारे ‘हेक्टरवध’ हा गद्यग्रंथही लिहिला. अरविंद घोष यांनी ट्रॉयच्या अखेरच्या दिवसाची कथा ‘इलियन’ या अपूर्ण इंग्रजी काव्यात हेक्झामीटर वृत्तातच रचली. मराठीत दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्व’ने आणि इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने महाभारतातील व्यक्तींकडे देवत्वाचे वलय बाजूला ठेवून माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी दिली, त्या दृष्टीने तयार झालेल्या वाचकाला अकिलीस आणि हेक्टर समजून घेणे अवघड जाणार नाही.

विसाव्या शतकाने वीरत्वाचीच फेरतपासणी केली. जेम्स जॉइसच्या १९२२ मधील ‘युलिसीझ’ या कादंबरीत डब्लिनमधील जाहिराती मिळवणारा लिओपोल्ड ब्लूम १६ जून १९०४ या एका दिवसात शहरभर हिंडून घरी परततो, आणि त्याची सहृदयता हेच त्याचे वीरत्व ठरते. १९४० साली, फ्रान्सच्या पराभवानंतर, सिमोन वेल यांनी आपल्या निबंधात ‘इलियड’चा खरा नायक बळ हेच आहे, कारण ते ज्याच्यावर चालते त्याला आणि जो ते चालवतो त्यालाही जड वस्तू बनवते, असे प्रतिपादन केले. मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ मधील ग्रंथात व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या मनोव्यथांचा अकिलीसच्या अनुभवाच्या प्रकाशात विचार केला. डेरेक वॉलकॉट यांनी १९९० मधील ‘ओमेरॉस’ या काव्यात सेंट लुशिया बेटावरील कोळ्यांना अकिलीस आणि हेक्टर यांची नावे देऊन वसाहतींचा आणि गुलामगिरीचा इतिहास महाकाव्यात आणला. क्रिस्टा वोल्फ यांच्या ‘कासांड्रा’मध्ये ट्रॉयची भविष्यवादिनी बोलते, तर मार्गारेट ॲटवूड यांच्या २००५ मधील ‘पेनेलोपियाड’मध्ये त्या बारा दासींना प्रथमच आवाज मिळतो. होमरने ज्यांचा मृत्यू थोडक्यात सांगितला, त्यांच्याविषयी विचारणा करणारी ही पुस्तके होमरच्या विरोधात जाणारी वाटली, तरी विचारण्याची प्रेरणा त्यांनी होमरकडूनच घेतली आहे. रणात पडलेल्या अनाम योद्ध्याला नाव देणाऱ्या कवीने हीच शिकवण दिली होती.

९

या काव्यांचा अभ्यास करताना दोन टोके टाळणे आवश्यक आहे. त्यांना युरोपीय संस्कृतीचा पवित्र उगम समजून केवळ वंदन करणे हे एक टोक, आणि गुलामी, स्त्रियांचे वस्तुकरण व हिंसा यांनी भरलेल्या समाजाचे दस्तऐवज म्हणून त्यांना बाजूला सारणे हे दुसरे. त्या समाजाचे दोष काव्यांत स्पष्टपणे आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. मात्र ब्रिसेइस पॅट्रोक्लसच्या प्रेतावर विलाप करते तेव्हा तिच्या बरोबरच्या बंदी स्त्रिया त्याच्या निमित्ताने स्वतःच्या दुःखासाठी रडतात, हेही याच कवीने नोंदवले आहे. सारांश आणि बालवाङ्मयातील रूपांतरे घोडा, राक्षस आणि जलकन्या यांची ओळख करून देतात, पण प्रायमची भेट आणि डेमोडोकसचे गीत त्यांत मागे पडते. म्हणून संपूर्ण अनुवाद क्रमाने वाचणे, आधी ‘इलियड’ आणि मग ‘ओडिसी’, हाच मार्ग श्रेयस्कर आहे. महाभारताच्या अखेरीस विजयी पांडवांना लाभलेले रिते राज्य ज्या मराठी वाचकाने मनापासून समजून घेतले आहे, त्याच्यापाशी या वाचनाची पूर्वतयारी आहेच. विजयाचा अर्थ कोणी आणि कोणाच्या बाजूने ठरवायचा, हा प्रश्न दोन्ही परंपरांनी युद्धाच्या काव्यातच विचारला आणि मोकळा ठेवला. युद्धे आजही लढली जात असल्यामुळे तो प्रश्न जुना झालेला नाही, आणि त्याला स्वतःचे उत्तर शोधण्याची जबाबदारी प्रत्येक नव्या वाचकावर येते.